मसुदा माणसाचाच आहे

अनुयाचं काम काय, हे तिच्या सासूबाईंना कधी नीट सांगता आलं नाही. कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "घरीच असते, कॉम्प्युटरवर स्पर्धा घेते." ऐकणाऱ्याला वाटायचं, निबंधाच्या नाहीतर चित्रकलेच्या स्पर्धा असतील. खरं म्हणजे ते अगदीच चूक नव्हतं.

एखाद्या कंपनीला सॉफ्टवेअर करून घ्यायचं असलं की आधी कोणीतरी बसून लिहावं लागतं: ते कोण वापरणार, त्यातून नेमकं काय व्हायला हवं, मध्येच काही अडलं तर काय करायचं. धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. पूर्वी यासाठी माणसं ग्राहकाच्या दारात महिनोन्‌महिने ठाण मांडून बसायची. अनुयाची कंपनी तेच काम आता स्पर्धा लावून करून घ्यायची. ग्राहकाची अडचण अनुया दोन पानांत मांडायची, वेबसाइटवर टाकायची, आणि कुठकुठल्या देशांतून लोक आपापले मसुदे लिहून पाठवायचे. पहिल्या दोघांना बक्षीस मिळे. बाकीच्यांचं कोणीतरी वाचलं, एवढंच समाधान. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनला खेटून टेबल मांडून ती हा कारभार चालवायची.

या स्पर्धांची वाट शशिकला मॅडमना तिनेच दाखवली होती.

शशिकला ओगले म्हणजे बेलापूरच्या ऑफिसातली अनुयाची पहिली साहेब. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अनुयाला त्यांनी या कामाची बाराखडी शिकवली. रोह्याच्या एका पतपेढीचं काम होतं. अनुया लॅपटॉप उघडून मॅनेजरला धडाधड प्रश्न विचारायला लागली, तशी मॅडमनी हात पुढे करून तो लॅपटॉप झाकला. "आधी चहा घे. मग काउंटरमागे स्टूल टाकून बस आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंड उघडू नकोस. लोक काय मागतात ते नंतर लिही. आधी ते कशाला वैतागलेत ते बघ." तीन नंबरच्या काउंटरवर काशिराम म्हणून म्हातारे कॅशियर बसायचे. मॅडमची त्यांच्याशी अशी काही गट्टी जमली की पुढे ते वारले तेव्हा मॅडम सुट्टी काढून रोह्याला जाऊन आल्या.

मॅडमची आणखी एक खोड होती. मसुद्यातला प्रत्येक भाग संपला की खाली एक ओळ हमखास यायची: 'आणि लाइट गेली तर?' ऑफिसात त्यावरून थट्टा चाले. मॅडम हसायच्या, पण ओळ काढायच्या नाहीत.

मग एके वर्षी तो विभागच बंद झाला. अनुया तरुण होती, तिला दुसरीकडे जागा मिळाली. मॅडम निवृत्तीला थोडी वर्षं बाकी असताना घरी बसल्या. यजमान आधीच गेले होते, मुलगा सत्यजीत डब्लिनला होता. पनवेलच्या लाइन आळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या एकट्याच राहायच्या.

"पैशाची अडचण नाही गं," त्या एकदा अनुयाला म्हणाल्या. "पण सकाळी उठून कोणाच्याच अडचणीचा विचार करायचा नाही, याची सवय होत नाही."

तेव्हा अनुयाने त्यांना स्पर्धांबद्दल सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिहीन मी. पण कुठल्या नावानं लिहिते ते तुला सांगणार नाही. तू परीक्षक. मला ओळखीचे मार्क नकोत."

अनुयाला महिन्याभरातच कळलं. 'कर्नाळा' असं टोपणनाव घेतलेल्या एका स्पर्धकाच्या मसुद्यात प्रत्येक भागाखाली तीच ती ओळ होती. तिने कोणाला सांगितलं नाही आणि मार्क देताना हात सैलही सोडला नाही. तरी उन्हाळ्यात, औषधांच्या दुकानांसाठी लावलेल्या स्पर्धेत, 'कर्नाळा'ला दुसरं बक्षीस मिळालं. त्या रविवारी मॅडमनी तिला अचानक जेवायला बोलावलं. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. कशाबद्दल ते मॅडमनी सांगितलं नाही, अनुयाने विचारलं नाही. दोघी पोटभर जेवल्या.

दिवाळीनंतर जासईकडच्या एका कंटेनर यार्डाचं काम आलं. यार्डाच्या फाटकाबाहेर ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायचे, आतल्या कारकुनांना कुठला कंटेनर कुठे ठेवलाय ते सापडायचं नाही. मालकांना यावर सॉफ्टवेअर हवं होतं. अनुयाने स्पर्धा लावली आणि मुदत संपल्यावर मसुदे वाचायला घेतले.

'कर्नाळा'चा मसुदा तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता, जेवणानंतर गोड ठेवावं तसा. सुरुवातीची पानं वाचून तिला बरं वाटलं. ड्रायव्हरला आपला नंबर कधी येणार हे आधी कळलं तर निम्मं भांडण मिटेल, असं अगदी साध्या शब्दांत लिहिलं होतं. मग फाटकातून ट्रक आत येण्याचा भाग आला. पान उलटलं, तर तोच भाग पुन्हा होता. शब्द न्‌ शब्द तोच. पुढे तिसऱ्यांदा. कॉपी-पेस्टची चूक असेल असं म्हणून ती पुढे गेली. पुढे ट्रक ड्रायव्हरने पासबुक भरून घ्यायचं होतं. कंटेनरवर व्याज लागत होतं. आणि एका जागी लिहिलं होतं: 'शंका असल्यास काउंटर नंबर तीनवर काशिराम यांना विचारावे. ते दुपारी डबा खातात, तेव्हा त्रास देऊ नये.'

अनुया खुर्चीवरून उठली. मशीनमधले कपडे काढून तिने गॅलरीत वाळत घातले. सगळे घालून झाल्यावर आत आली आणि तेच पान पुन्हा वाचलं. ते बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांची बैठक होती. तिच्याबरोबरचा परीक्षक मितेश घाटकोपरहून बोलत होता. हुशार, कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही.

"तो कर्नाळा वाचलास?" त्याला हसू आवरत नव्हतं. "अरे काय माल आहे! ट्रकवाल्याला पासबुक! कुठलं तरी फुकटातलं एआय वापरलंय. ते असंच भरकटतं. माहीत नसलं की मनानं माणसं बनवतं. काशिराम काय, डबा काय!"

"माणसाचंही असू शकतं," अनुया म्हणाली.

"कुठला माणूस असं लिहील?"

एआयकडून मसुदे लिहून घेण्याची साथ आल्यापासून कंपनीचा नियम कडक झाला होता. असा मसुदा सापडला की स्पर्धकाचं खातं कायमचं बंद. तिला बोलायचं असतं तर दोन गोष्टी बोलाव्या लागल्या असत्या. एक, आपण या स्पर्धकाला ओळखतो. आणि दुसरी, जी तिने अजून स्वतःशीही उच्चारली नव्हती. मितेश वाट बघत होता.

"बरं, यंत्राचा मसुदा म्हणून कर नोंद," ती म्हणाली.

मॅडमचा फोन दोन दिवसांनी आला. "अनुया, ते कर्नाळा मी आहे. तुला सांगणार नव्हते, पण आता सांगते. यांनी मला लिहिलंय, तुमचा मसुदा यंत्रानं लिहिलेला आहे. मी यंत्र? तीस वर्षं मी हेच केलं आणि मी यंत्र?"

"मी येते मॅडम," अनुया म्हणाली.

लाइन आळीत रिक्षा आत जाईना, म्हणून ती कोपऱ्यावर उतरून चालत गेली. मॅडमनी दार उघडलं. इस्त्रीची सुती साडी, केस नीट विंचरलेले. अनुयाला हायसं वाटलं. "बस, चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. बराच वेळ झाला तरी भांड्याचा आवाज नाही, म्हणून अनुया उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटलेला होता, त्यावर कोरडं पातेलं तापून काळं पडत होतं, आणि मॅडम ओट्याशी उभ्या राहून चहाच्या पुड्यावरचा मजकूर मन लावून वाचत होत्या.

"मॅडम?"

"आणतेच. तू बस ना." मग तिच्याकडे वळून त्यांनी मायेनं विचारलं, "बेलापूरच्या ऑफिसातून थेट आलीस का?"

अनुयाने गॅस बंद केला. "हो," ती म्हणाली.

निकालाविरुद्ध दाद मागायची सोय होती. व्हिडिओ कॉलवर बसून, मसुदा आपणच लिहिलाय हे पटवून द्यायचं. अनुयाने परोपरीने सांगून पाहिलं की सोडून द्या, अशा कंपन्या छप्पन्न आहेत, तुम्ही थोडे दिवस सत्यजीतकडे जाऊन या. मॅडम ऐकेनात. "माझ्या नावावर डाग ठेवून मी कुठेही जाणार नाही. तू फक्त शेजारी बस. मला त्या कॅमेऱ्याचं जमत नाही."

ती बसली, पडद्यावर दिसणार नाही अशी बाजूला. पलीकडे कंपनीची, बंगळुरूची एक बाई होती, आवाज मऊ, बोलणं इंग्रजीत. तिने विचारलं, यार्डाची अडचण तुम्हाला काय वाटली? मॅडम ताठ बसल्या आणि बोलू लागल्या. अनुयाला पुन्हा ते बेलापूरचं ऑफिस दिसलं, जुने दिवस दिसले. मॅडम म्हणाल्या, उभं राहायला लागतं म्हणून ड्रायव्हर चिडत नाही. किती वेळ उभं राहायचं ते कोणी सांगत नाही म्हणून चिडतो. तुमच्या सॉफ्टवेअरनं आधी ते सांगावं, बाकी सगळं मागाहून. बंगळुरूची बाई लिहून घेत होती. तिनं मान डोलावली. अनुयाला वाटलं, आपलंच चुकलं. आपण उगीच नाही नाही ते मनात आणलं.

"आता हे तीन नंबरच्या काउंटरबद्दल," बाई म्हणाली. "यार्डात काउंटर नाहीत. हे कुठून आलं?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं तेज गेलं नाही, फक्त ते दुसरीकडे वळलं. "तीन नंबरला काशिराम असतात," त्या उत्साहानं सांगू लागल्या. "सगळ्यांचे खाते नंबर त्यांना पाठ. तुम्ही त्यांच्याशीच बोला ना." आणि त्या अनुयाकडे वळल्या, इंग्रजीतून मराठीत आल्या. "अगं, आज आलेत का ते? बोलाव जरा त्यांना."



"नाही मॅडम," अनुया म्हणाली. "आज नाही आले."

पडद्यावरच्या बाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फार सौम्यपणे म्हणाली, "थँक यू, मॅम. मला हवं होतं ते मिळालं."

निकाल दुसऱ्याच दिवशी आला. 'मसुदा माणसाचाच आहे असे आढळून आले. आपले खाते पूर्ववत सुरू करण्यात येत आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.' मॅडमनी फोनवर तो मोठ्याने वाचून दाखवला, मग पुन्हा वाचला, आणि मग अनुयाला जणू पहिल्यांदाच सांगताहेत असा तिसऱ्यांदा वाचला. "बघ," त्या म्हणाल्या, "सिद्ध झालं की नाही?"

"झालं," अनुया म्हणाली.

तिने कंपनीला खरं काय ते कळवलं, की या स्पर्धकाशी आपली जुनी ओळख आहे. त्यांनी तिला त्या स्पर्धेतून बाजूला केलं. मितेशचा निरोप आला: 'सॉरी यार, मला माहीत नव्हतं.' त्यालाच का, कोणालाच माहीत नव्हतं. जिला माहीत होतं ती गप्प बसली होती.

मग तिने सत्यजीतला फोन केला. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या हुंकारांत अविश्वास होता. "आईनं तो निकाल मलाही पाठवलाय," तो म्हणाला. "जिंकली ना ती? कंपनीनं माफी मागितली. आणि मी रोज बोलतो तिच्याशी. मस्त बोलते."

"पाच मिनिटं त्या मस्तच बोलतात, सत्यजीत. तू जरा वेळ बोल. परवा त्यांनी कोरडं पातेलं गॅसवर—"

"माझ्याही हातून दूध उतू जातं." मग तो म्हणाला, "खरं सांगू का, ताई? आई आरामात होती. या स्पर्धाबिर्धांच्या दगदगीत तिला ओढलंत तुम्ही."

ते खोटं नव्हतं.

थंडी सरता सरता एका दुपारी पनवेलच्या एसटी स्टँडवरून अनुयाला एका कंडक्टरचा फोन आला. एक बाई रोह्याच्या गाडीत बसल्या आहेत, पर्समध्ये तुमचा नंबर आहे, तिकीट काढत नाहीत, म्हणतात ऑफिस देईल. अनुया पोचली तेव्हा मॅडम चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. खांद्याला जुनी ऑफिसची बॅग, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. अनुयाला बघून त्या रागावल्या. "किती उशीर! पतपेढी उघडून बसली असेल. पहिल्याच दिवशी ग्राहकाला ताटकळत ठेवायचं?"

त्यानंतर सत्यजीत आला. डॉक्टर झाले, स्कॅन झाले, आजाराला नाव मिळालं. परत जायच्या आदल्या दिवशी तो अनुयाच्या घरी आला आणि सोफ्याच्या कडेवर बसून राहिला. "मी तुम्हाला बोललो त्या दिवशी," एवढंच म्हणाला. अनुयाने त्याला पोहे दिले. त्याने आईसाठी उरणकडची मोनाली म्हणून एक बाई दिवसरात्र राहायला ठेवली आणि आईचं स्पर्धांचं खातं बंद करून टाकलं. मॅडम रोज सकाळी आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसायच्या आणि पासवर्ड घालत राहायच्या.

"ताई, त्यांना कायतरी काम द्या," मोनालीने एक दिवस अनुयाला जिन्यात गाठलं. तिशीची, कोळीवाड्यातली, धिप्पाड आणि सरळ बोलणारी. "आमी समजावतो तर ऐकत नाय. हात रिकामा हाय म्हून जीव घाबरतोय त्यांचा."

म्हणून अनुयाने एक स्पर्धा बनवली. कुठेही न लावलेली, एका स्पर्धकाची. खोटा ग्राहक, खोटी अडचण, दोन पानं, छापून आणलेली. मॅडमनी चष्मा लावला, वाचलं, आणि पेन घेऊन लिहायला बसल्या. जे लिहिलं ते कशाचं कशात होतं, पण त्या दिवशी त्या जेवल्या आणि झोपल्या. अनुया दर शनिवारी नवीन पानं आणायला लागली. कधी पिठाची गिरणी, कधी नर्सरी, कधी लग्नाचा हॉल. मॅडमनी लिहिलेलं ती पिशवीत घालून घरी न्यायची. "परीक्षकांना आवडलं," असं पुढच्या शनिवारी सांगायची. मॅडम लाजायच्या. उन्हाळाभर हे बरं चाललं होतं.

एका शनिवारी तिने पेणच्या एका डबेवाल्या बाईंची अडचण लिहून आणली. मॅडमनी ती वाचली आणि पेन उचललं नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचली. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"या बाईंना कोण भेटलं?" त्यांनी विचारलं. त्यांची नजर स्वच्छ होती. इतकी स्वच्छ अनुयाने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

"का मॅडम?"

"हिला सगळं नीट सांगता येतंय. स्वतःची अडचण इतकी नीट कोणाला कळते? खरा माणूस असता तर एखादी तक्रार तरी चुकीची केली असती. भलत्यावरच राग काढला असता." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "याच्यामागे माणूसच नाहीये, अनुया. हे कोणी लिहिलं?"

खोटं बोलायला अनुयाचं तोंड उघडलं, पण जमलं नाही. समोर तिची साहेब बसली होती.

"मी," ती म्हणाली.

"आधीचे पण?"

"हो."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे इतकं झालंय," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते अनुयाच्या हातात दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. मोनाली दारात उभी होती. तिने अनुयाकडे बघितलं आणि आत जाऊन मॅडमच्या पायांवर चादर घातली.

ती नजर पुन्हा आली नाही. मॅडमनी त्यानंतर काम मागितलं नाही, लॅपटॉपकडे गेल्या नाहीत. अनुया शनिवारी जायची, शेजारी बसायची. मॅडम कधी तिच्याकडे बघून हसायच्या, कधी नुसत्या गॅलरीच्या गजांतून खालची रहदारी बघत राहायच्या. मोनाली म्हणायची, "त्रास नाय देत आता. एकदम शांत हायत." आणि ते सांगताना तिचाही आवाज खाली यायचा.

गणपतीनंतर अनुयाकडे नवीन काम आलं. कळंबोलीतल्या एका गोदामाचं. तिने ग्राहकाला फोन लावला, जे ती कधी करत नसे. "मी जवळच राहते," ती म्हणाली. "एकदा येऊन बसले तर चालेल का? तुमची माणसं कसं काम करतात ते बघते."

पलीकडच्या माणसाला क्षणभर कळेना. मग तो हसला. "येऊन कशाला बसता, मॅडम? ते नको म्हणून तर तुमच्याकडे स्पर्धा लावली ना? तुम्ही टाका ऑनलाइन. मला शुक्रवारपर्यंत मिळाल्याशी मतलब."

"बरोबर आहे," अनुया म्हणाली.

मशीनचं चक्र थांबलं होतं. तिने गोदामाची आपली दोन पानं एकदा नजरेखालून घातली. त्यांत सगळं अगदी नीट मांडलेलं होतं; चुकीची तक्रार एकही नव्हती. मग तिने स्पर्धा सुरू केली आणि कपडे वाळत घालायला उठली.